फळ्यावरची बेरीज का चुकली?

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. नववीच्या वर्गात सरासरी चालीवरची उदाहरणे सोडवून झाली होती आणि तास संपायला दहा मिनिटे उरली होती. मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. पोहणे ७५० मीटर, २० मिनिटे. सायकल २० किलोमीटर, ५० मिनिटे. धावणे ५ किलोमीटर, ३० मिनिटे.

"हे आकडे माझे आहेत," मी म्हणालो. "येत्या रविवारी राजाराम तलावावर ट्रायथलॉनची शर्यत आहे आणि मी तिच्यात उतरणार आहे. मला एकूण किती वेळ लागेल?"

प्रथम वर्गभर हसू पसरले. पन्नाशीकडे झुकलेले आणि थोडे पोट सुटलेले सर शर्यतीत उतरणार, ही गोष्ट हसण्यासारखी होतीच. मग सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "शंभर मिनिटे!" एका मुलीने मात्र हात वर केला.

"सर, हे तिन्ही तुम्ही एकाच दिवशी केले होते का?"

नव्हते. पोहण्याची वेळ मंगळवारी जलतरण तलावात मोजलेली होती, सायकलची गुरुवारी पहाटे आणि धावण्याची त्याच्या आदल्या रविवारी.

"मग यांची बेरीज कशी करायची?"

"बघू," असे म्हणून मी फळा पुसला. उत्तर येत नसले म्हणजे शिक्षक हेच म्हणतात.

रविवारी मला १२१ मिनिटे लागली. म्हणजे बेरीज २१ मिनिटांनी चुकली. ही २१ मिनिटे कोठे गेली याचा मी नंतर बारकाईने शोध घेतला. पाणी, हवा आणि स्वतःचे शरीर यांनी प्रत्येकाने आपापला वाटा उचलला होता, आणि तोही अगदी भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार.

शब्दकोशात नसलेला खेळ

आधी या खेळाविषयी थोडे सांगतो. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी न थांबता एकापाठोपाठ एक करणे. ग्रीक भाषेत 'ट्राय' म्हणजे तीन (आपल्या 'त्रि'चाच हा भाऊ) आणि 'ॲथलॉन' म्हणजे स्पर्धेतील बक्षीस. ऐकायला हे नाव प्राचीन वाटते, पण खेळ अगदी अलीकडचा आहे. १९२० च्या सुमारास फ्रान्समध्ये अशा तिहेरी शर्यती होत असत. पुढे त्या मागे पडल्या. आज आपण ज्याला ट्रायथलॉन म्हणतो तो खेळ सुरू झाला २५ सप्टेंबर १९७४ रोजी, अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात, मिशन बे नावाच्या उथळ उपसागराच्या काठी.

तो बुधवार होता. शर्यत संध्याकाळी ठेवलेली होती, कारण भाग घेणारी सगळी माणसे नोकरी-धंदा सांभाळून पळणारी हौशी मंडळी होती. जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनाहन या धावपटूंच्या क्लबातील दोन सभासदांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. ४६ जण आले. जॉनस्टन यांनी पुढे लिहिले आहे, की चषक बनविणाऱ्याने त्यांना 'ट्रायथलॉन'चे स्पेलिंग विचारले, कारण त्याला हा शब्द शब्दकोशात सापडेना! शेवटचे स्पर्धक पाण्यात असतानाच अंधार पडला, तेव्हा काठावर मोटारगाड्या उभ्या करून त्यांच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर टाकावा लागला.

त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचे नौदलातील एक अधिकारी होते. चार वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९७८ रोजी, त्यांनी हवाई बेटांवर याच कल्पनेची राक्षसी आवृत्ती घडवून आणली. समुद्रात सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, मग १८० किलोमीटर सायकल आणि अखेरीस ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन! १५ जण उतरले, त्यांपैकी १२ जणांनी ती पुरी केली आणि पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलर यांना पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. 'आयर्नमॅन' म्हणतात ती हीच. २००० साली सिडनीला ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्ये आले. तेथे अंतरे १.५, ४० आणि १० किलोमीटर असतात. आमच्या शर्यतीची अंतरे त्याच्या बरोबर निम्मी. याला 'स्प्रिंट' म्हणतात. हे नाव ज्याने ठेवले तो माझ्यापेक्षा बराच चपळ असला पाहिजे.

पोहणे नेहमी पहिले असते. कारण उघड आहे. थकलेला माणूस सायकलवर असला तर खाली उतरू शकतो, धावत असला तर चालू शकतो. पाण्यात त्याला थांबायला जमीन नसते.

पाण्यातील पहिली शंभर मीटर

डिसेंबरातील पहाट होती. तलावावर पातळ धुके होते. आम्ही साठ-सत्तर जण काठावर उभे होतो आणि पाण्यात तीन मोठे नारिंगी बोये तरंगत होते. त्यांना वळसा घालून परत यायचे. शिट्टी झाली आणि सगळे एकदम पाण्यात शिरले.

मी पोहायला शिकलो पंचगंगेच्या घाटावर, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. तुमच्यापैकी काही जण अजूनही तसेच शिकत असतील. डब्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल डब्यावर वर लागते, आणि डबा स्वतः हलका असल्यामुळे या बलाचा बराचसा भाग पोहणाऱ्याला उचलून धरायला उरतो. आर्किमिडीजचे तत्त्व पाठीला बांधून आम्ही नदीत उड्या मारत होतो, फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते.

या शिक्षणात एक खोड राहून गेली होती. नदीत पोहणारा मुलगा डोके पाण्याबाहेर ठेवूनच पोहतो. आता असे पाहा. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोग्रॅम भरते. ते पाण्यात असेपर्यंत पाणी त्याला तोलून धरते. बाहेर काढले, की ते सगळे वजन उरलेल्या शरीराने तोलायचे. त्यात आपली फुप्फुसे हवेने भरलेली, म्हणून छाती तरंगते. पण शरीराचा गुरुत्वमध्य छातीच्या खाली, कमरेजवळ असतो. त्यामुळे डोके वर काढले की तराजूच्या दांडीसारखे पाय खाली जातात. आडवे शरीर तिरपे होते आणि पाण्याला छेदत जाण्याऐवजी पाणी ढकलत जाऊ लागते.

पाणी ढकलणे हे सोपे काम नव्हे. पाण्याची घनता हवेच्या आठशेपटींहून अधिक असते. साध्या बादलीत हा प्रयोग करून पाहा. तळहात उभा धरून, म्हणजे करंगळीची कड पुढे करून, हात पाण्यातून ओढा. मग तळहात आडवा करून तितक्याच वेगाने ओढा. मनगटाला फरक कळेल. जलतरण तलावात सहा महिने सराव करून मी डोके पाण्यात ठेवायला शिकलो होतो.

शिट्टी झाल्यावर मात्र मी घाबरून सगळ्यांबरोबर सुटलो. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो रोध तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. समजा, नेहमीपेक्षा २५ टक्के वेगाने पोहायचे ठरवले, तर १.२५ चा घन करा. तो जवळजवळ २ येतो. वेग सव्वापट करण्यासाठी शक्ती दुप्पट! एवढी शक्ती माझ्याजवळ कोठून असणार? शंभर मीटर झाले नाहीत तोच श्वास अपुरा पडू लागला. त्यातच कोणाचा तरी पाय चष्म्याला लागला. मी डोके वर काढले. पाय खाली गेले. खाली पाहिले तर हिरवा काळोख. जलतरण तलावाच्या तळाशी असते ती काळी रेघ नाही, धरायला पंचवीस मीटरवर भिंत नाही.

त्या क्षणी मला वाटले, की मी बुडणार. हे मी स्पष्ट लिहितो, कारण अशा वेळी शरीरात काय होते ते ठाऊक असणे उपयोगाचे आहे. घाबरलेला माणूस भराभर श्वास आत घेतो, पण नीट बाहेर सोडत नाही. पाण्यात तोंड असताना तर श्वास कोंडूनच ठेवतो. आपल्याला गुदमरल्याची जी जाणीव होते ती मुख्यतः ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. माझी छाती हवेने भरलेली होती आणि तरीही मला हवा हवी होती. उपाय उलटाच करायचा असतो. श्वास आधी पुरता बाहेर सोडायचा.

मी पाठीवर उलटलो. पत्र्याचा डबा नव्हता, पण भरलेली छाती हाच एक डबा असतो. आकाशाकडे पाहत आठ-दहा वेळा सावकाश श्वास सोडला आणि मग हात वर केला. जीवरक्षकाची छोटी कयाक होडी लगेच जवळ आली. होडी धरून विसावा घेण्याची मुभा असते. होडीने पुढे ओढत नेलेले मात्र चालत नाही. होडीतील तरुण म्हणाला, "काका, घाई नको. बोया कुठे पळून जात नाही." सुमारे तीन मिनिटे मी होडी धरून होतो. शर्यत सोडावी असे दोनदा मनात आले. मग वर्गातला फळा डोळ्यांसमोर आला आणि मी होडी सोडली.

(मुलांनो, येथे एक गोष्ट बजावून सांगतो. तलावात किंवा नदीत एकट्याने लांब पोहायला कधीही जाऊ नका. त्या दिवशी हात वर केल्यावर पोचणारी होडी तेथे होती म्हणून हा लेख लिहायला मी आहे.)

उरलेली तीन मिनिटे कशात गेली, ते भूमितीत पाहा. तलावात सरळ रेघ नसल्यामुळे मी नागमोडी पोहलो. काठावरून माझ्या मुलाने पाहिले. त्याच्या मते मी कधी उजवीकडे, कधी डावीकडे चांगला तीस अंशांनी तिरपा जात होतो. दहावीच्या विद्यार्थ्यांनी ७५० ला cos ३०° ने, म्हणजे ०.८६६ ने, भागावे. उत्तर ८६६ मीटर येईल. ११६ मीटर मी उगाच पोहलो. माझ्या वेगाने त्याला तीन मिनिटे लागतात. सराईत पोहणारे दर आठ-दहा हातांनी डोळे जेमतेम पाण्यावर आणून बोया पाहून घेतात, सुसरीसारखे. डोके नव्हे, फक्त डोळे.

पोहणे: २० ऐवजी २६ मिनिटे.

ओले पाय

फळ्यावरच्या बेरजेत आम्ही कोणीच धरली नव्हती अशी एक गोष्ट म्हणजे कपडे-बुटांची बदलाबदल. पाण्यातून बाहेर येऊन उभा राहिलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. अर्धा तास शरीर आडवे होते आणि पाण्याचा दाब पायांतील रक्ताला वर लोटत होता. उभे राहताच तो दाब गेला आणि रक्त पायांकडे उतरले. अशा वेळी चार पावले चालत राहावे. पोटऱ्यांचे स्नायू आवळले-सैल झाले की ते पंपासारखे रक्त वर ढकलतात.

मग पायमोजे. ओल्या पायावर सुती मोजा चढवून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. कोरडा मोजा पायावरून घसरत जातो, ओला चिकटून बसतो. माझ्या शेजारच्या मुलाने मोजे घातलेच नाहीत. तो अनवाणी पाय बुटात सरकवून माझ्या आधी निघून गेला. हेल्मेटचा पट्टा बांधल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, असा कडक नियम असतो. तो मी पाळला, आणि पट्टा बांधतानाही बोटे थरथरत होती. येथे चार मिनिटे गेली. पुढे सायकल ठेवून धावायला निघताना आणखी दोन.

वाऱ्याचा हिशेब

सायकलचा रस्ता महामार्गाच्या कडेने, कागलच्या दिशेने दहा किलोमीटर जायचे आणि वळून परत यायचे असा होता. गळिताचा हंगाम चालू होता, त्यामुळे उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या सोबतीला होत्या आणि रस्त्यावर उसाची कांडी पडलेली होती. सायकल मित्राची, गिअरची.

सायकल हे माणसाने बनवलेल्या सर्वांत काटकसरी वाहनांपैकी एक आहे. शरीराचे वजन सीट पेलते, पायांना फक्त ढकलायचे काम. सपाट रस्त्यावर अडवणारे दोघेच असतात, टायरांचे घर्षण आणि हवा. मी ताशी २४ किलोमीटरने जात असेन तर मला सुमारे ११५ वॅट शक्ती लावावी लागते. तिच्यातले तीसेक वॅट टायरांकडे जातात, बाकीचे ८० हून अधिक हवा बाजूला सारण्यात. हवा हलकी खरी, पण वेग वाढला की तीही पाण्यासारखीच वागते. रोध वेगाच्या वर्गाने वाढतो.

त्या सकाळी आग्नेयेकडून वारा होता, ताशी दहा किलोमीटरचा असेल. फार नव्हे, उसाची पाती सळसळत होती इतकेच. जाताना तो समोरून आला. मी स्वतःशीच म्हणालो, जाताना जे जाईल ते येताना परत मिळेल. तुम्हालाही असेच वाटते का? मग पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

तेवढ्याच ११५ वॅटमध्ये, समोरून वारा असताना, माझा वेग ताशी साडेअठरा किलोमीटरपर्यंत उतरतो. पाठीमागून वारा असताना तो तीसपर्यंत चढतो. साडेअठरा आणि तीस यांची सरासरी सव्वाचोवीस. म्हणजे काही बिघडले नाही? पण सरासरी चाल म्हणजे दोन वेगांची सरासरी नव्हे. एकूण अंतर भागिले एकूण वेळ. जाताना दहा किलोमीटरला साडेबत्तीस मिनिटे लागतात, येताना वीस. एकूण साडेबावन्न. समोरचा वारा मला जास्त वेळ छळतो आणि पाठीमागचा कमी वेळ मदत करतो, त्यामुळे दोघांची फिटंफाट होत नाही. घड्याळात माझी वेळ ५३ मिनिटे आली. वर्गात ज्या धड्याच्या शेवटी मी फळ्यावर ते तीन आकडे लिहिले होते, त्याच धड्यातले हे उदाहरण. आणि शिक्षकच त्यात फसला!

वाऱ्यापासून वाचायचा सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्या सायकलच्या अगदी मागे राहणे. पुढच्याने सारलेली हवा पुन्हा मिटण्यापूर्वी आपण तिच्यात शिरायचे. पण बहुतेक हौशी ट्रायथलॉनमध्ये याला बंदी असते आणि सायकलींमध्ये ठरावीक अंतर राखावे लागते. मला विचाराल तर हा नियम मला आवडतो. आपला वारा आपण खावा. मी कोपर वाकवून, पाठ शक्य तितकी आडवी करून बसलो. वाऱ्यासमोर येणारे अंगाचे क्षेत्रफळ कमी करण्याचा एवढाच उपाय हाती होता. पोटामुळे तोही अर्धवटच जमला.

आतली शेगडी

सायकल टांगून ठेवली आणि धावायला निघालो, तो पाय माझे नव्हतेच. गुडघे वाकलेलेच राहत होते, पावले आखूड पडत होती. हे प्रत्येक ट्रायथलॉनपटूला होते. सायकलवर पाय कधी पूर्ण सरळ होत नाही आणि जमिनीचा दणका बसत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंनी तासभर एकच काम केलेले असते आणि चेतासंस्थेने त्याचीच लय धरलेली असते. आता एकदम दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक दणका सोसायचा आणि निराळेच स्नायू वापरायचे. सायकलनंतर धावताना तेच अंतर तोडायला काही टक्के अधिक ऊर्जा लागते, असे मोजमापांत आढळले आहे. म्हणूनच जाणकार खेळाडू सायकलनंतर लगेच थोडे धावण्याचा सराव करतात. मी तो केला नव्हता. त्या मुलीचा प्रश्न नेमका येथे लागू पडत होता.

पण माझी खरी अडचण पायांची नव्हती, उष्णतेची होती.

धावायला दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोग्रॅममागे, साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. हा सोपा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. माझे वजन ६८ किलोग्रॅम, अंतर पाच किलोमीटर. म्हणजे ३४० किलोकॅलरी. इंधनाची चिंता नव्हती. पोहणे, सायकल आणि धावणे मिळून नऊशे-साडेनऊशे किलोकॅलरी लागल्या असतील, आणि पोटभर जेवणाऱ्या माणसाच्या स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे दोन हजार किलोकॅलरी साठवलेल्या असतात. (आयर्नमॅनमध्ये हा साठा पुरत नाही, तेथे वाटेत खावेच लागते.) खिशातला गुळाचा खडा मी खाल्ला तो गरजेपेक्षा धीरासाठी.

पण ३४० किलोकॅलरी ३६ मिनिटांत जाळल्या, तर दर सेकंदाला किती होतात? सुमारे ६५० ज्यूल, म्हणजे ६५० वॅट. लहानशा विजेच्या शेगडीइतके! सपाटीवर धावताना जवळजवळ ही सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होते. ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर काय होईल? शरीराचा एक किलोग्रॅम एक अंशाने तापवायला साधारण ३.५ किलोज्यूल लागतात. ६८ किलोग्रॅमला २३८. शेगडी दर मिनिटाला ३९ किलोज्यूल देते. भागाकार करा: दर सहा मिनिटांना शरीर एक अंशाने तापेल! अर्ध्या तासात ३७ चे ४२ अंश. त्या तापमानाला माणसाच्या जिवाला धोका असतो.

आपण धावूनही जिवंत राहतो ते घामामुळे. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला, तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता बरोबर नेतो. हाच बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. मात्र घाम उडाला पाहिजे. टपकून गेलेला घाम काहीच नेत नाही. सायकलवर समोरचा वारा होता, म्हणून घाम येताच उडत होता आणि मला तो जाणवलाही नव्हता. ज्या वाऱ्याला मी शिव्या देत होतो, तोच माझा पंखा होता. धावू लागलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते, ऊन चढले होते आणि परतीला वारा पाठीमागून, जवळजवळ माझ्याच वेगाने. म्हणजे माझ्या दृष्टीने हवा स्तब्ध! घाम ओघळू लागला, चेहरा तापला, नाडी कानात ऐकू येऊ लागली.

या वेळी शरीरात रक्ताची ओढाताण चालते. स्नायूंना ऑक्सिजनसाठी रक्त हवे आणि त्वचेला उष्णता टाकण्यासाठी रक्त हवे. घामामुळे रक्तातले पाणी तर कमी होत असते. हृदय दोघांनाही पुरे पडेनासे झाले की वेग कमी करणे हाच शहाणपणा असतो. मी तिसऱ्या किलोमीटरपासून दोन मिनिटे धावणे, अर्धा मिनिट चालणे असे सुरू केले. पाण्याच्या टेबलापाशी एक पेला प्यायलो आणि एक डोक्यावर ओतला. डोक्यावरचे पाणीही घामाचेच काम करते.

शेवटचा चढ संपला, तेव्हा घड्याळात २ तास १ मिनिट झाले होते. धावणे: ३० ऐवजी ३६.

मी घरून वजनाचा काटा नेला होता. शर्यतीपूर्वी ६८.० किलोग्रॅम, नंतर, अंग पुसून, ६६.९. वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायलो होतो. म्हणजे दीड लिटरच्या वर घाम गेला. हा प्रयोग तुम्ही शाळेच्या मैदानावर करू शकता. तासभर खो-खो किंवा कबड्डी खेळण्यापूर्वी आणि नंतर शक्य तितक्या कमी कपड्यांत वजन करा, मध्ये प्यालेले पाणी मोजून घटलेल्या वजनात मिळवा. एक किलोग्रॅम म्हणजे एक लिटर. मे महिन्यातला आणि डिसेंबरातला आकडा वेगळा येईल; एकाच संघातल्या दोन मुलांचाही वेगळा येईल. मात्र घाम जातो म्हणून पोट डब्ब होईपर्यंत पाणी पिऊ नये. लांबच्या शर्यतींत केवळ पाणीच अति प्यायल्याने रक्तातील सोडियम घटून माणसे अत्यवस्थ झालेली आहेत. तहान लागेल तसे, थोडे थोडे प्यावे.

सोमवारी वर्गात मी फळ्यावर दुसरी बेरीज लिहिली. २६, ४, ५३, २, ३६. एकूण १२१. प्रत्येक आकड्यापुढे कारण लिहिले. पाण्यात घाबरल्याचेही लिहिले. त्या वेळी कोणी हसले नाही.

मग त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. "सर, वारा उलटा असता, म्हणजे जाताना पाठीमागून आणि येताना समोरून, तर सायकलला तेवढीच ५३ मिनिटे लागली असती का? आणि धावण्याला ३६?"

वर्गाचे दोन गट पडले. एक गट म्हणाला, अंतर तेच, वारा तोच, क्रम बदलल्याने बेरीज बदलत नाही. दुसरा म्हणाला, समोरचा वारा शेवटी आला तर पाय जास्त थकून उतरतील. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, की धावताना तोंडावर वारा आला तर सर तापणार नाहीत. भांडण रंगात आले आणि घंटा झाली.

तुमचे उत्तर काय? मी पुन्हा नाव नोंदवले आहे. वारा कोठून येईल ते माझ्या हातात नाही, पण पायमोजे या वेळी घरी ठेवणार आहे.